जंतूंचा स्वभाव ओळखणारे हाफकिन

बार्देशातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचे नाव गोमंतकीयांना अपरिचित नाही. मुंबईत वैद्यकी करणाऱ्या या डॉक्टरांनी १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागातील रुग्णांना तपासले. फणफणता ताप, काखेत अथवा जांघेत आलेली गाठ आणि चार-पाच दिवसांत मृत्यू, हा क्रम पाहून त्यांनी निदान केले की ही प्लेगची साथ आहे. ते निदान मान्य करणे सुरुवातीला अनेकांना जड गेले. मुंबईसारख्या बंदरात प्लेग आहे असे कबूल करणे म्हणजे साऱ्या जगाशी चाललेला व्यापार धोक्यात घालणे होते. परंतु डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले. धोबी तलावाजवळ आज त्यांचा पुतळा उभा आहे, तो या धैर्याची आठवण म्हणून.

निदान पक्के झाल्यावर प्रश्न उपायाचा होता, आणि उपाय कोणापाशीच नव्हता. मुंबई सोडून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले. अशा वेळी कलकत्त्याहून एक माणूस मुंबईत आला. तारीख होती ७ ऑक्टोबर १८९६. वय छत्तीस, पदवी प्राणिशास्त्राची. तो डॉक्टर नव्हता आणि इंग्रजही नव्हता. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या या ज्यू शास्त्रज्ञाचे नाव वाल्देमार हाफकिन. परळच्या ज्या संस्थेचे नाव आपण लसींच्या संदर्भात ऐकतो, ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र त्या नावामागचा माणूस आणि त्याच्या वाट्याला आलेला अन्याय आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

हाफकिन यांच्या आयुष्याचे सूत्र एका प्रश्नात सापडते. जंतू एकच असतो, मग तो कधी माणसाचा जीव घेतो आणि कधी निरुपद्रवी का राहतो? त्याची उग्रता, म्हणजे रोग निर्माण करण्याची ताकद, कशाने वाढते आणि कशाने कमी होते? या प्रश्नाचे रेणूंच्या पातळीवरचे उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने मिळू लागले. त्यांनी मात्र ते उत्तर हाती नसताना, केवळ निरीक्षणाच्या बळावर, लाखो माणसांना टोचता येईल अशी लस बनवली. त्यांचे यश या प्रश्नाशी जोडलेले होते आणि त्यांचे दुर्दैवही.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाला. त्यांचे बालपण बेर्द्यान्स्क या बंदरगावी गेले. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेच्निकोव्ह. शरीरातील पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा शोध पुढे याच मेच्निकोव्ह यांनी लावला. शिष्याचे लक्ष मात्र केवळ सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाकडे नव्हते. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. त्या वेळी स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेच्निकोव्ह यांच्या मध्यस्थीने सुटले.

विद्वत्ता असूनही त्यांना रशियात प्राध्यापकी मिळणे शक्य नव्हते. धर्म बदलून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झाल्यास वाट मोकळी झाली असती. त्यांनी ते नाकारले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढल्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तिथे रिकामी जागा होती ती ग्रंथालयात. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

लुई पाश्चर यांनी त्या आधी एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू ४२ ते ४३ अंश सेल्सिअस उष्णतेत वाढवले की ते दुबळे होतात आणि असे दुबळे जंतू टोचलेली मेंढी पुढे खऱ्या रोगाला बळी पडत नाही. हे का घडते, ते पाश्चर यांना ठाऊक नव्हते. त्याचे कारण १९८० च्या दशकात उमगले. अँथ्रॅक्सच्या जंतूत विष तयार करण्याच्या सूचना मुख्य गुणसूत्रावर नसून एका वेगळ्या, लहान वर्तुळाकार रेणूवर असतात. उष्णतेत वाढताना जंतू तो रेणूच गमावून बसतो. जंतू जिवंत राहतो, मात्र त्याची शस्त्रे हरवलेली असतात.

हाफकिन यांनी हीच वाट पटकीच्या जंतूसाठी धरली, पण दोन्ही दिशांनी. हा जंतू त्यांनी गिनीपिगच्या उदरपोकळीत सोडला, तिथून काढून दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, असा तो पुढे नेत राहिले. प्रत्येक फेरीत तो अधिक उग्र होत गेला आणि एका टप्प्यावर त्याची उग्रता स्थिर झाली. उलट ३९ अंश उष्णतेत, सतत हवा खेळती ठेवून वाढवला तर तोच जंतू मवाळ होई. आधी मवाळ जंतू टोचायचा, काही दिवसांनी उग्र जंतू टोचायचा, अशी दोन टप्प्यांची लस त्यांनी सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि ते बरे झाले.

एका प्राण्यातून दुसऱ्यात नेल्याने जंतू उग्र का होतो, याची आज दोन कारणे सांगता येतात. पहिले निवडीचे. शरीराच्या प्रतिकाराला पुरून उरतात तेच जंतू मागे राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. दुसरे कारण जंतूच्या आतल्या व्यवस्थेचे आहे. जिवाणूच्या जनुकांना एक पोथी समजले तर तिची सगळी पाने तो एकाच वेळी वाचत नाही. भोवताली काय आहे याची चाहूल घेऊन तो हवे ते पान उघडतो. पटकीचा जंतू खाडीच्या आणि नदीमुखाच्या पाण्यात राहतो, तेव्हा विष बनवण्यात त्याला काहीच लाभ नसतो. माणसाच्या आतड्यात पोहोचल्यावर तिथल्या खुणा त्याच्या पटलावरील प्रथिनांना जाणवतात. टॉक्सआर नावाचे असे एक प्रथिन १९८० च्या दशकात अमेरिकेत ओळखले गेले. या प्रथिनांच्या इशाऱ्यावर टॉक्सटी नावाचे दुसरे प्रथिन तयार होते आणि मग आतड्याला चिकटणारे तंतू व पटकीचे विष यांची जनुके कामाला लागतात. हे विष खरोखरच अस्तित्वात आहे, ते १९५९ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून सिद्ध केले होते.

यापुढचा शोध आणखी अचंबित करणारा आहे. जिवाणू एकमेकांची संख्याही जाणतात. प्रत्येक जंतू बारीकसे रासायनिक इशारे बाहेर सोडतो. गर्दी वाढली की इशारे दाट होतात आणि सारे जंतू आपले वागणे एकदम बदलतात. पटकीच्या जंतूंची आतड्यात गर्दी झाली की ते विष आणि तंतू यांचे काम थांबवतात, चिकटलेली जागा सोडतात व जुलाबांवाटे बाहेर पडून नव्या माणसाकडे निघतात. रुग्णाच्या शरीरातून नुकतेच बाहेर पडलेले जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंपेक्षा अधिक सहज रोग लावतात, असेही आढळले आहे. जंतू शरीरातून गेला की वेगळा होऊन येतो हे हाफकिन यांचे निरीक्षण होते. त्याच्या आतली यंत्रणा पाहण्याची साधने त्यांच्या काळात नव्हती.

हिंदुस्थानात

लस तयार होती, पण ती तपासण्यासाठी पटकीची साथ असलेला प्रदेश हवा होता. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्याला उतरले. पुढील अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल आणि आसामचे चहामळे पालथे घातले. सुमारे ४२ हजार माणसांना लस टोचली. लस ऐच्छिक असावी, कोणावर जबरदस्ती नसावी, हा त्यांचा नियम होता. कलकत्त्याच्या काठालबागान वस्तीत लोक संशयाने दूर उभे राहिले, तेव्हा आधी त्यांनी स्वतः आणि त्यांच्या हिंदी डॉक्टर सहकाऱ्यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतले. मग माणसे पुढे आली. सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे दहा रुग्ण झाले, ते सर्व लस न घेतलेल्यांतले होते.

हिवतापाने खंगून हाफकिन १८९५ मध्ये इंग्लंडला गेले आणि पुढल्या वर्षी परतले. त्यानंतर काही महिन्यांतच मुंबईहून बोलावणे आले.

मुंबईचे ते तीन महिने

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. त्याची लस जगात कुठेच नव्हती. हाफकिन यांनी या वेळी जिवंत जंतू वापरले नाहीत. मांसरसात जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि तो रस टोचायचा, असे त्यांनी ठरवले. रसासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस निवडले, कारण गोमांस हिंदूंना आणि डुकराचे मांस मुसलमानांना चालले नसते. रसावर तुपाचे थेंब सोडले की ते तरंगतात आणि त्यांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात, ही युक्ती त्यांनीच शोधली. झुंबर पुरेसे वाढले की बाटली हलवायची, ते गळून तळाशी जाई आणि तुपाखाली नवे वाढू लागे. काही आठवडे असे करून सगळा रस तापवायचा आणि त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड मिसळायचे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ज्या मात्रेत ती लोकांना दिली त्याहून अधिक. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, त्याहून थोड्या अधिकांनी घेतली नाही. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत बारा रुग्ण झाले आणि त्यांतील सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले व दोघेही वाचले.

पुढची मोठी परीक्षा झाली ती पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये. सुमारे आठ हजार वस्तीच्या त्या गावात १८९७ च्या वसंतात प्लेगने कहर केला. दोन हजारांहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली. लस न घेतलेल्यांतले शंभरात सुमारे चोवीस दगावले आणि घेतलेल्यांतले शंभरात दोनांहूनही कमी. बडोद्याजवळच्या उंढेरा गावी तर त्यांनी घरोघर निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना नाही, म्हणजे तुलना एकाच छपराखाली व्हावी. टोचलेल्या ७१ जणांत आठ रुग्ण आणि तीन मृत्यू झाले. न टोचलेल्या ६४ जणांत सत्तावीस रुग्ण झाले व सव्वीस गेले.

हा काळ महाराष्ट्राच्या मनावर खोल ओरखडे काढणारा होता. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांनी लोक चिडले होते. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारच्या हातातील प्रत्येक वस्तूकडे लोक शंकेने पाहत असताना एका परदेशी माणसाच्या सुईवर विश्वास ठेवणे सोपे नव्हते. हाफकिन यांना तो विश्वास थोडा थोडा मिळवावा लागला. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. त्यांच्या समाजातील हजारो माणसे मग लशीला तयार झाली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. त्या वास्तूचा इतिहास गोमंतकीयांना रस वाटावा असा आहे. पोर्तुगीजांच्या काळातील एका मठाच्या जागी ती उभी राहिली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने वारल्या आणि नंतर गव्हर्नरांनी ते घर सोडले. पटकीने रिकाम्या केलेल्या वाड्यात पटकीची लस शोधणारा माणूस येऊन बसला.

पिसवेतला जंतू, माणसातला जंतू

प्लेगचा जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे १८९८ मध्ये पॉल लुई सिमोन यांनी कराचीत दाखवले आणि पुढे परळच्या याच प्रयोगशाळेत ते पक्के झाले. पिसूचे शरीर भोवतालच्या हवेइतकेच गार असते. माणसाचे ३७ अंश उष्ण असते. या दोन घरांत एकच जंतू दोन तऱ्हांनी वागतो. पिसवेच्या पोटात तो चिकट थर तयार करून तिचा अन्नमार्ग तुंबवतो. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावे घेते आणि प्रत्येक चाव्यागणिक जंतू आत सोडते. माणसाच्या उबेत येताच चिकट थराचे काम थांबते आणि वेगळी जनुके जागी होतात. जंतू स्वतःभोवती एक आवरण विणतो, त्यामुळे मेच्निकोव्ह यांनी दाखवलेल्या भक्षक पेशींना तो सहजी गिळता येत नाही. शिवाय सुईसारख्या सूक्ष्म नळीतून तो त्या पेशींत अपायकारक प्रथिने टोचतो.

ही ऊब जंतूला कळते कशी? त्याच्याकडे जणू तापमापक असतात. एका नियामक प्रथिनाची सूचना वाहून नेणारा आरएनए रेणू गारव्यात स्वतःवरच दुमडून बसलेला असतो, त्यामुळे ती सूचना वाचता येत नाही. ३७ अंशांवर घडी उलगडते, प्रथिन तयार होते आणि ते इतर अनेक जनुकांना कामाला लावते.

हाफकिन यांच्या लशीच्या मर्यादेचे एक कारण इथे सापडते. त्यांच्या बाटल्या मुंबईच्या खोलीतील तापमानात ठेवलेल्या असत. त्या उबेत जंतू वाढत होता, पण माणसाच्या शरीरात तो जे आवरण पुरेपूर विणतो ते तिथे कमी प्रमाणात तयार होई. १९३० च्या दशकात लंडनमध्ये शुत्झे यांनी ३७ अंशांवर वाढवलेल्या जंतूंचे हे आवरण प्रतिकारासाठी महत्त्वाचे असल्याचे दाखवले आणि त्यानंतर लस करण्याची पद्धत बदलत गेली. तरीही दमण आणि उंढेरा इथले आकडे सांगतात की पहिल्या लशीनेही असंख्य जीव वाचवले.

मुल्कोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगची लाट उसळली आणि तिथे लशीची प्रचंड मोहीम सुरू झाली. मागणी पुरवण्यासाठी परळला लस करण्याच्या पद्धतीत बदल झाले. त्यांत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद करण्यात आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचली गेली. आठवड्याभराने त्यांतील एकोणीस जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. ते एकोणीसही जण मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. बाकीच्या माणसांना काहीही झाले नाही.

एकोणीस घरे उद्ध्वस्त झाली, ही या कथेतील सर्वांत जड गोष्ट आहे आणि तिचे उत्तर मागितले जाणे न्याय्यच होते. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली असावी असा निष्कर्ष मंडळाने काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्या संस्थेची उभारणी त्यांनी केली, तिच्या दाराबाहेर ते उभे राहिले.

मात्र त्या दिवसाच्या साक्षींत एक तपशील होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताच्या जंतूचे बीज मातीत सर्वत्र असते. त्याचा स्वभाव नीट समजून घेतला की हा तपशील किती महत्त्वाचा होता ते कळते. हा जंतू हवेशिवाय वाढतो आणि हवेपासून बंद जागीच आपले भयंकर विष तयार करतो. तो परळलाच बाटलीत शिरला असता तर बूच लावलेल्या मांसरसात कित्येक दिवस वाढत राहिला असता. रसाला घाण वास सुटला असता आणि तयार विष थेट शरीरात गेल्याने लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात लस टोचणाऱ्या डॉक्टरांना वास जाणवला नव्हता आणि लक्षणे दिसायला आठवडा लागला होता. म्हणजे शरीरात गेले ते विष नव्हे, तर बीज. ते तिथे रुजले आणि मग त्याने विष बनवले. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि सार्वजनिक आरोग्याचे जाणकार सिम्प्सन यांनी हाच युक्तिवाद पुढे नेला.

चौकशीचा अहवाल प्रसिद्ध व्हायलाच चार वर्षे लागली. १९०७ च्या जुलै महिन्यात दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात संयुक्त पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार असल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त ठरले. आयुष्याची पाच वर्षे त्यात गेली. त्यांच्या ज्यू असण्याने आणि परकेपणाने त्यांना दोषी ठरवणे सोपे केले, असे त्या काळीही अनेकांना वाटले आणि फ्रान्समधील ड्रायफस खटल्याची आठवण काढली गेली. तरीही दुसरी बाजू नोंदवायला हवी. त्या बाटलीत कार्बोलिक ॲसिड असते, तर चिमट्यावरची माती कदाचित एवढी प्राणघातक ठरली नसती. हाफकिन निर्दोष होते, पण मोठ्या मोहिमेच्या घाईत गाळलेली एक सावधगिरीची पायरी किती महाग पडते, हेही मुल्कोवालने शिकवले.

तो धडा आज इमारतींच्या रचनेतच उतरला आहे. भोपाळच्या इंद्रपुरी वसाहतीला लागून जाणाऱ्या रायसेन रस्त्याने पुढे गेले की आनंदनगरात राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था लागते. बर्ड फ्लूची शंका आली की देशभरातून, आपल्या गोव्यातूनही, नमुने जातात ते तिथे. अशा ठिकाणी प्रयोगशाळेतील हवा गाळल्याशिवाय बाहेर सुटत नाही आणि सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय वाहू दिले जात नाही. कॉलेजातील पडवीत प्लेगचे जंतू तुपाखाली वाढवणाऱ्या हाफकिन यांच्यापासून इथवरचा प्रवास अनेक अपघातांतून आणि त्यांच्या प्रामाणिक चौकशीतून घडला आहे.

अखेरची वर्षे

दोषमुक्त झाल्यावर हाफकिन कलकत्त्याला परतले. पण परळ त्यांना परत मिळाले नाही आणि पूर्वीसारखे गावोगाव फिरून काम करण्याचीही फारशी संधी उरली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात निवृत्त होऊन त्यांनी हिंदुस्थान सोडला. ते अविवाहित होते. उरलेले आयुष्य त्यांनी पॅरिसमध्ये आणि नंतर स्वित्झर्लंडमधील लोझान इथे काढले. तरुणपणी धर्म बदलण्यास नकार देणारा हा शास्त्रज्ञ उतारवयात धर्माचरणाकडे अधिक वळला आणि आपली संपत्ती त्याने पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, ही गोष्ट त्यांना हयातीत पाहायला मिळाली. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्लेग पूर्णपणे गेलेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याची बातमी आली, तेव्हा सुरतेतून लोकांनी पुन्हा तसेच पळ काढले. फरक इतकाच की या वेळी प्रतिजैविके हाताशी होती. आज प्रतिजैविकांनाही न जुमानणारे जिवाणू वाढत आहेत. म्हणून काही संशोधक जंतूला मारण्याऐवजी त्याची शस्त्रे निकामी करण्याचा मार्ग शोधत आहेत. त्याचे आपापसातले इशारे तोडायचे, किंवा विषाची जनुके जागीच होऊ द्यायची नाहीत, असा तो प्रयत्न आहे. पॅरिसच्या ग्रंथालयातील नोकरी सांभाळून ३९ अंशांवर पटकीचा जंतू मवाळ करणाऱ्या तरुणाला हे काम ओळखीचे वाटले असते.

मुंबईला जाणाऱ्या गोमंतकीयाने धोबी तलावाजवळ डॉ. व्हिएगस यांच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबावे. तिथून परळ फार दूर नाही. हडफड्याच्या डॉक्टरांनी ज्या रोगाचे नाव धैर्याने उच्चारले, त्यावरची पहिली लस ओडेशाच्या या निर्वासिताने तयार केली, आणि दोघांनीही ते केले ते आपल्या जन्मगावापासून दूर, परक्या शहरातील माणसांसाठी.